वही दुसऱ्याच्या तिजोरीत

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कात, खाडीकाठच्या चौपाटीवर संध्याकाळी फिरायला येणाऱ्या व्यापारी घराण्यांत तीन पिढ्यांचे हिशेब एकत्र चालताना दिसतात. आजोबांनी लाल कापडी बांधणीच्या वहीत रोजकीर्द आणि खतावणी लिहिली. मुलाने पेढीवर संगणक आणून त्यावर टॅली बसवली. आता नातू म्हणतो की पेढीवर संगणक असो वा नसो, सारा हिशेब क्लाउडवर ठेवावा, मोबाइलवरूनही दिसेल. यावर आजोबांचा एकच प्रश्न असतो : "म्हणजे वही कोणाकडे?"

हा प्रश्न म्हातारपणाच्या अज्ञानातून आलेला आहे असे समजून नातू हसतो. वास्तविक देशातील मोठमोठ्या बँकांच्या संचालक मंडळांपुढे, भांडवली बाजाराच्या नियामकापुढे आणि खुद्द रिझर्व्ह बँकेपुढे गेली दहा वर्षे हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत आहे. मोठ्या उद्योगांनी त्याची कोणती उत्तरे शोधली आणि कोठे ठेच खाल्ली, हे छोट्या पेढीने पाहून ठेवण्यासारखे आहे.

प्रथम नावाचा खुलासा. क्लाउड म्हणजे मेघ. केंद्र सरकारनेही २०१४ मध्ये आपल्या अशा योजनेला 'मेघराज' असेच नाव दिले. जुलैच्या पावसात ज्यांच्या इमारतीच्या आवारात पाणी भरते, त्या भाईंदरकरांना मेघ हा शब्द भरवशाचा वाटू नये, हे स्वाभाविक आहे. परंतु या मेघाचा आकाशाशी काही संबंध नाही. ऐरोली, रबाळे, महापे, चांदिवली, पनवेल अशा ठिकाणी उभ्या असलेल्या, खिडक्या जवळजवळ नसलेल्या सिमेंटच्या भक्कम इमारती म्हणजे हा मेघ. आत हजारो संगणकांच्या उतरंडी, त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा, बाहेर डिझेलची जनित्रे आणि दोन-तीन वेगळ्या मार्गांनी आलेल्या वीजवाहिन्या. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालून येणाऱ्या केबली बाहेर पडतात, हे मुंबई परिसरात अशा इमारतींची गर्दी होण्याचे एक मोठे कारण. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबई येथे, अॅमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत आपली केंद्रे सुरू केली. तोवर भारतीय कंपनीने क्लाउड घ्यायचा म्हणजे आपली माहिती सिंगापूर किंवा अमेरिकेत ठेवायची, असा अर्थ होता. माहिती देशात राहू लागल्यानंतरच मोठ्या उद्योगांनी हा विषय मनावर घेतला. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सरकारी खात्यांसाठी सार्वजनिक क्लाउडचे धोरण जाहीर केले, तेही यानंतरच.

आपली यंत्रे सोडून दुसऱ्याच्या यंत्रांवर विसंबण्याचा प्रसंग मुंबईच्या उद्योगांवर प्रथमच आलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या प्रत्येक कापड गिरणीत स्वतःचे बॉयलर, स्वतःची वाफेची इंजिने आणि स्वतःच्या कोळशाचा साठा असे. टाटांनी १९१० मध्ये जलविद्युत कंपनी स्थापन केली, लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधली आणि १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईकडे वीज येऊ लागली. गिरणीमालकापुढे तेव्हा हाच पेच होता : आपल्या आवारातले इंजिन आपल्या हुकमाचे, आणि घाटाखालची वीज परक्याच्या हातातली. कोळशाचा आणि देखभालीचा हिशेब मांडल्यावर गिरण्या हळूहळू विजेकडे वळल्या. क्लाउडचे पुरस्कर्ते हा दाखला नेहमी देतात आणि तो बऱ्याच अंशी खराही आहे. मात्र त्यात एक उणीव राहते. वीज कोणाच्या मागावरून गेली याची स्मृती विजेला नसते. हिशेबाला असते. विजेची कंपनी बदलली तर गिरणीचे कापड बदलत नाही. पण वही ज्याच्या घरी आहे त्याने दार लावून घेतले, तर व्यापाऱ्याला आपली येणी कोणाकडे किती आहेत हेही सांगता येत नाही.

बँकांचा अनुभव या बाबतीत सर्वांत बोलका आहे, कारण बँक म्हणजे मुळात दुसऱ्यांची वही सांभाळणारी पेढी. बँकांत यंत्रे आली ती १९८३ च्या सप्टेंबरमध्ये कर्मचारी संघटनांशी झालेल्या करारानंतर, आणि १९८४ मध्ये डॉ. रंगराजन समितीच्या अहवालाने त्यांना दिशा दिली. खतावणीच्या नोंदी करणारी छोटी यंत्रे प्रथम शाखेत आली. त्या काळी प्रत्येक शाखेची वही त्या शाखेतच असे. भाईंदरच्या खातेदाराला दादरच्या शाखेत आपली शिल्लक विचारून काही उपयोग नव्हता. पुढे शाखांचे संगणक एका मध्यवर्ती संगणकाला जोडले गेले आणि 'कोअर बँकिंग' आले. खातेदार शाखेचा न राहता बँकेचा झाला. सोय अपार वाढली. त्याचबरोबर सगळ्या शाखांच्या वह्या एका खोलीत गोळा झाल्या.

त्याचा अर्थ २६ जुलै २००५ रोजी कळला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई ठप्प झाली. त्या दोन दिवसांत मुंबईपासून शेकडो मैल दूर, जेथे पावसाचा थेंबही नव्हता अशा गावांतही अनेक बँकांची एटीएम यंत्रे बंद पडली, कारण त्यांचे मध्यवर्ती संगणक मुंबईत होते आणि त्यांच्याशी संपर्क तुटला होता. 'दुसरी प्रत दुसऱ्या गावी' हा नियम कागदावर सर्वांना ठाऊक होता. त्याची किंमत मात्र त्या बुधवारी रांगेत उभ्या राहिलेल्या ग्राहकांनी दाखवून दिली.

नियम पाळला तरी तो वेळेवर वापरता यावा लागतो. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले, आणि त्या दिवशी बाजार संध्याकाळी पाचपर्यंत चालवावा लागला. दूरसंचार जोडण्यांत बिघाड झाला होता. बाजाराची पर्यायी यंत्रणा चेन्नईला होती. तरीही काम तिकडे वळवले गेले नाही. दलालांचे खुले सौदे मध्येच लटकले. त्यानंतर सेबीने बाजारांना अशा बिघाडात तीस मिनिटांच्या आत 'आपत्ती' जाहीर करून पर्यायी केंद्राकडे वळण्याचे बंधन घातले. दुसरी किल्ली घरात असून ती कोणत्या खणात आहे हे आठवू नये, त्यातला हा प्रकार.

एचडीएफसी बँकेचे प्रकरण याहून मोठे. या बँकेच्या इंटरनेट आणि मोबाइल सेवा दोन वर्षांत अनेकदा खंडित झाल्या होत्या. २१ नोव्हेंबर २०२० रोजी प्राथमिक डेटा सेंटरमध्ये वीज गेल्याने पुन्हा तेच घडले. रिझर्व्ह बँकेने २ डिसेंबर २०२० रोजी आदेश काढून नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डे देणे तात्पुरते थांबवले आणि संचालक मंडळाला त्रुटी शोधून जबाबदारी निश्चित करण्यास सांगितले. कार्डांवरील बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये उठली. उरलेली मार्च २०२२ मध्ये. देशातील सर्वांत मोठ्या खाजगी बँकेला नवे कार्ड विकता येऊ नये, ही शिक्षा साधी नव्हती.

या प्रकरणातून दोन्ही पक्ष आपापला धडा काढतात, आणि इथेच सावध राहायला हवे. बिघाड झाला तो बँकेने आपल्यासाठी राखलेल्या डेटा सेंटरमध्ये. तेव्हा 'आपले ते सुरक्षित' हे समीकरण मोडले. परंतु त्यावरून 'परक्याचे ते सुरक्षित' असेही सिद्ध होत नाही. पुढे बँकेने डेटा सेंटरे बदलली, क्लाउडचा वापर वाढवला आणि १३ जुलै २०२४ रोजी, दुसऱ्या शनिवारी, पहाटे तीनपासून दुपारी साडेचारपर्यंत सेवा मर्यादित ठेवून आपली कोअर बँकिंग यंत्रणा नव्या व्यवस्थेवर हलवली. सव्वानऊ कोटींच्या आसपास खातेदारांच्या वह्या साडेतेरा तासांत एका कपाटातून दुसऱ्यात! ग्राहकांना कित्येक दिवस आधी कळवले होते, सुट्टीचा दिवस निवडला होता आणि कोणती सेवा किती वाजता बंद राहील याचे वेळापत्रक दिले होते. मोठ्या संस्थेच्या कामातून छोट्याने शिकावे असे काही असेल, तर ते हे वेळापत्रक.

बहुतेक भारतीय बँका आजही मुख्य खतावणी स्वतःच्या ताब्यातील यंत्रांवर ठेवतात आणि ग्राहकांशी संपर्क, माहितीचे पृथक्करण, नव्या सेवांची चाचणी अशी भोवतालची कामे क्लाउडवर नेतात. दागिने घरच्या तिजोरीत, आणि मांडव-खुर्च्या भाड्याने. हा मध्यममार्ग टीकाकारांना अर्धवट वाटतो. व्यापारी बुद्धीला तो शहाणपणाचा वाटावा.

मांडवाचा उल्लेख आला म्हणून भाड्याच्या बाजूचा विचार करू. समाजाच्या वाडीत हजार पानांची भांडी असतात. कोणीही गृहस्थ आपल्या फ्लॅटमध्ये हजार ताटे घेऊन ठेवत नाही. लग्न किंवा स्वामीवात्सल्य असेल त्या दिवशी वाडीची भांडी आणतो, घासून परत करतो. क्लाउडचे खरे सामर्थ्य इथे आहे. जुलै २०१९ मध्ये विश्वचषकाच्या भारत–न्यूझीलंड उपांत्य सामन्याच्या वेळी हॉटस्टारवर एकाच क्षणी २ कोटी ५३ लाख प्रेक्षक होते. धोनी बाद झाल्यावर तो आकडा झपाट्याने ओसरला. मुंबईतील या कंपनीने एवढी यंत्रे विकत घेतली असती, तर वर्षातले तीनशेहून अधिक दिवस ती धूळ खात पडली असती. तिने ती अॅमेझॉनकडून भाड्याने घेतली. त्यातली खुबी वाडीच्या व्यवस्थापकालाही पटेल : पाहुणे दारात आल्यावर भांडी मागवून चालत नाही. गर्दी वाढेल तशी यंत्रे आपोआप वाढवण्याची सोय क्लाउडवर असली, तरी तिला काही मिनिटे लागतात. म्हणून कंपनीचे अभियंते सामन्याचा अंदाज बांधून यंत्रे आधीच तयार ठेवत. आणि गर्दी ओसरतानाही संकट असते. लाखो प्रेक्षक एकाच वेळी मागे फिरून मुखपृष्ठावर आले की त्या पानावर तेवढाच भार पडतो.

खर्चाची गोष्ट इतकी सरळ नाही. यंत्र विकत घेतले तर तो भांडवली खर्च. आयकरात संगणकावर ४० टक्के दराने घसारा मिळतो आणि रक्कम काही वर्षांत वसूल होते. क्लाउडचे भाडे हा महसुली खर्च. त्याच वर्षी नफ्यातून वजा होतो. ताळेबंद हलका दिसतो, रोकड अडकत नाही. नव्या उद्योगाला हे वरदान आहे. पण भाडे कधी संपत नाही, आणि वापर स्थिर असेल तर ते महाग पडते. अमेरिकेतील ड्रॉपबॉक्स या कंपनीने आपली बरीचशी माहिती अॅमेझॉनवरून स्वतःच्या यंत्रांवर आणली आणि दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचवल्याचे तिने भागविक्रीच्या वेळी, २०१८ मध्ये, आपल्या कागदपत्रांत नमूद केले. रोज हजार पाने उठणाऱ्या खानावळीने वाडीची भांडी भाड्याने आणू नयेत, एवढाच याचा अर्थ. आणखी एक गोम अशी की, माहिती आत नेण्याला सहसा काही पडत नाही. बाहेर काढण्याचे मात्र पैसे लागत. गूगल आणि अॅमेझॉन यांनी २०२४ च्या सुरुवातीला कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी ही आकारणी बंद केली. तरी रोजच्या वापरात बाहेर जाणाऱ्या माहितीचे बिल येतेच, आणि ते पाहून अनेक कंपन्यांचे वित्तप्रमुख पहिल्या वर्षी चकित होतात. विजेच्या मीटरसारखा हा मीटर आहे. दिवे चालू ठेवून घरी गेलेला कर्मचारी इथेही असतो.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे परत वळायला हवे, कारण २०२५ च्या जुलै महिन्यात मुंबईतील एका प्रचंड कंपनीला तोच प्रश्न न्यायालयात विचारावा लागला.

नायरा एनर्जी ही मुंबईत मुख्यालय असलेली तेलकंपनी. गुजरातेत वाडीनारला तिचा वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे आणि देशभर साडेसहा हजारांहून अधिक पेट्रोल पंप. तिचे ४९ टक्क्यांहून थोडे अधिक भागभांडवल रशियाच्या रोसनेफ्टकडे आहे. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने रशियाविरुद्धच्या निर्बंधांच्या यादीत नायराचे नाव घातले. भारत असे एकतर्फी निर्बंध मानत नाही, हे सरकारने स्पष्ट केले होते. कंपनीने भारतात कोणताही कायदा मोडला नव्हता. तरीही काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांचे ई-मेल बंद झाले, परस्पर संवादाची साधने बंद झाली. कंपनीचे म्हणणे असे की परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेले असताना, पूर्वसूचना न देता, तिला तिच्याच माहितीपासून तोडण्यात आले. हजारो कोटींची उलाढाल करणाऱ्या या कंपनीला तात्पुरत्या ई-मेलसाठी रेडिफकडे वळावे लागल्याच्या बातम्या त्या वेळी प्रसिद्ध झाल्या. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ३० जुलैच्या सुमारास मायक्रोसॉफ्टने सेवा पूर्ववत केल्या आणि वाद तेथे थांबला.

कारखाना थांबला नाही, पंपांवर पेट्रोल मिळत राहिले. म्हणून अनेकांनी हे प्रकरण विसरून जाणे पसंत केले. पण बारकाईने पाहिले तर त्यात आग नव्हती, पूर नव्हता, चोर नव्हता, यंत्राचा बिघाडही नव्हता. माहिती कदाचित भारतातल्याच इमारतीत सुखरूप होती. ज्या कंपनीकडे किल्ली होती तिच्या मूळ देशात आणि तिसऱ्याच खंडात झालेल्या निर्णयाने दार लागले. जुन्या हुंडीच्या व्यवहारात पेढीवाला परगावच्या आडत्यावर असाच विश्वास टाकत असे. फरक इतकाच की आडत्या एक असला तर त्याची पत, त्याचे घराणे, त्याच्या पंचक्रोशीतले पंच हे सारे ठाऊक असत, आणि हुंडी नाकारली गेली तर कोणत्या महाजनाकडे जायचे हेही ठरलेले असे. नायराला महाजन सापडला तो उच्च न्यायालयात. मधल्या आठवड्यात छोट्या पेढीने काय केले असते, याचा विचार करून पाहावा.

उलट बाजूचे एक उदाहरणही सांगितले पाहिजे, कारण ते दिलासा देणारे आहे. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे क्लाउडवरील संपूर्ण खातेच गूगलकडून चुकीने पुसले गेले. सेवा सुरू करताना एक मांडणी चुकली होती, असे दोघांच्या प्रमुखांनी मिळून जाहीर केले. पुसले गेले ते दोन वेगवेगळ्या भागांतील प्रतींसह. म्हणजे एकाच मालकाकडे दोन शहरांत ठेवलेल्या दोन वह्या एकदम गेल्या. पाच लाखांहून अधिक सभासदांना आठवडाभर आपले खाते पाहता आले नाही. तरी पैसा आणि नोंदी वाचल्या, त्या एका जुन्या धर्तीच्या शहाणपणामुळे : या संस्थेने आणखी एक प्रत वेगळ्याच कंपनीकडे ठेवली होती. दोन गावी दोन प्रती पुरेशा नाहीत, दोन पेढ्यांकडे दोन प्रती हव्यात.

आपल्याकडच्या छोट्या बँकांनी ३१ जुलै २०२४ रोजी वेगळा फटका अनुभवला. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी अनेक सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना संगणक सेवा पुरवते. तिच्या यंत्रणेवर खंडणीखोर संगणक-हल्ला झाल्याने राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला काही काळ आपल्या जाळ्यापासून तोडून ठेवले, आणि सुमारे तीनशे बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी सेवा परत आली. या बँकांनी काही चूक केली नव्हती. सगळ्यांनी मिळून एकच स्वयंपाकघर वापरले होते, एवढेच.

नियामकांनी हे सारे पाहिले आहे. रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी माहिती-तंत्रज्ञानाची कामे बाहेर देण्याविषयी सविस्तर निर्देश काढले. ते त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झाले आणि त्यात क्लाउडसाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. गाभा सोपा आहे. काम बाहेर देता येते, जबाबदारी बाहेर देता येत नाही. माहितीची मालकी कोणाची, ती कोठे राहील, सेवा देणाऱ्याची तपासणी करण्याचा हक्क बँकेला आणि रिझर्व्ह बँकेला आहे की नाही, आणि विशेषतः करार संपल्यावर बाहेर कसे पडायचे, हे आधी लिहून ठेवावे लागते. सेबीनेही मार्च २०२३ मध्ये आपल्या अखत्यारीतील संस्थांसाठी अशीच चौकट घालून दिली. डिसेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने वित्तीय संस्थांसाठी देशी क्लाउड उभारण्याची घोषणा केली, त्यामागेही किल्ली कोणाकडे असावी हाच विचार दिसतो.

जेसल पार्कातल्या व्यापाऱ्याला हे सारे दूरचे वाटेल. त्याचे स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे गाळे भाईंदरच्या औद्योगिक वसाहतीत, माल मुंबईच्या बाजारात, उधारी विदर्भापासून कर्नाटकापर्यंत. परंतु कायदा त्याच्या दारापर्यंत आधीच येऊन पोहोचला आहे. वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर गेलेल्या व्यापाऱ्याला १ ऑगस्ट २०२३ पासून ई-बीजक सक्तीचे आहे. इंटरनेटशिवाय त्याचे व्यापाऱ्यांना जाणारे बिल निघत नाही. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि ती संगणकावर असतील तर अपघातात नष्ट झाल्यास वाजवी काळात परत मिळतील अशी प्रत ठेवणे नियमानेच बंधनकारक आहे. पेढीची खाजगी मर्यादित कंपनी केलेली असेल, तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार हिशेबाची प्रत भारतात असलेल्या संगणकावर रोजच्या रोज घ्यावी लागते आणि सेवा देणाऱ्याचे नाव-पत्ता निबंधकाला कळवावा लागतो. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबात केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद पुसता न येणाऱ्या स्वरूपात ठेवणारे सॉफ्टवेअरही अशा कंपन्यांना सक्तीचे आहे. जुन्या वहीत खाडाखोड केली की शाई दिसत असे. हा तोच नियम आहे.

आणि तरीही बहुतेक पेढ्यांची प्रत्यक्ष स्थिती अशी असते की सगळा हिशेब एका संगणकात, त्याची प्रत हिशेबनिसाच्या पेन ड्राइव्हमध्ये आणि पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात. तळमजल्याच्या गाळ्यात पाणी शिरले की दोन्ही एकदम भिजतात. अशा पेढीसाठी क्लाउड ही चैन नाही. घरातल्या एकुलत्या एका प्रतीपेक्षा ती नक्कीच चांगली आहे. नातवाचे म्हणणे या बाबतीत बरोबर आहे, आणि आजोबांनी ते मान्य करायला हरकत नाही.

पण नातवाने करारावर, किंवा मोबाइलवर येणाऱ्या त्या लांबलचक अटींखाली 'मान्य' असे दाबण्यापूर्वी, बँकांना विचारावे लागणारे तेच प्रश्न आपल्या मापाने विचारावेत. भाडे थकले तर माहिती किती दिवस ठेवणार? सोडून जायचे झाले तर ती कोणत्या स्वरूपात मिळेल. आपल्या टॅलीत उघडेल अशी, की नुसती छापील पाने? दर महिन्याच्या अखेरीस एक पूर्ण प्रत उतरवून घेऊन ती दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या नावाच्या सेवेत किंवा निदान घरच्या कपाटातल्या वेगळ्या डिस्कवर ठेवता येते का? आणि ती प्रत वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष उघडून तेरीज जुळते का, हे कोणी पाहिले आहे? न उघडलेली प्रत ही नुसती समजूत असते. शेअर बाजाराला चेन्नईबाबत जे लक्षात आले, ते गाळ्याला पेन ड्राइव्हबाबत लक्षात यायला वेळ लागत नाही.

याहूनही नाजूक गोष्ट घरातलीच आहे. अनेक पेढ्यांत असे खाते उघडताना जो तरुण तंत्रज्ञ किंवा हिशेबनीस हाताशी असतो, त्याचाच मोबाइल क्रमांक आणि ई-मेल त्यावर नोंदवला जातो. तीन वर्षांनी तो नोकरी सोडून मीरा रोडला दुसऱ्याकडे जातो. पेढी चालू असते, पासवर्ड संगणकात साठवलेला असतो, सगळे सुरळीत दिसते. मग संगणक बदलण्याची वेळ येते आणि खात्री करण्याचा सहा अंकी क्रमांक त्या गेलेल्या माणसाच्या फोनवर जातो. कधी खाते एका भावाच्या नावावर असते आणि भावांच्या वाटण्या होतात. कधी ज्याच्या हाती सारे होते तो कर्ता पुरुष अचानक जातो, आणि घरच्यांना दुकानाच्या किल्ल्या सापडतात, बँकेतले नामनिर्देशन सापडते, पण येणी-देणी जेथे लिहिली आहेत ते खाते उघडत नाही. मोठ्या कंपन्यांत यासाठी स्वतंत्र अधिकारी आणि लेखी पद्धत असते. पेढीत त्यासाठी एक बंद पाकीट पुरते : खात्याची नावे, नोंदवलेले क्रमांक, परवाने कोणाच्या नावे आहेत आणि मुदत कधी संपते, पाकिटावर तारीख, आणि कुटुंबातील दोघांना त्याचा ठिकाणा ठाऊक. दिवाळीला वहीपूजनाच्या दिवशी ते बदलले तर तारीख विसरण्याचे कारण उरत नाही.

त्या पूजेला हल्ली लाल वहीशेजारी लॅपटॉपही ठेवला जातो, त्यावर कुंकवाने स्वस्तिक काढले जाते. आजोबा अजूनही पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहितात आणि मग नातवाला विचारतात, की तो ओटीपी नक्की कोणाच्या मोबाइलवर येतो.